युरोपच्या ट्रेनची तिकिटं एजंटकडून काढताय? आधी हे वाचा

मे महिन्यात मी, बायको आणि आई-बाबा असे चौघं पॅरिस, नीस, मिलान, व्हेनिस फिरून आलो. विमान आणि हॉटेलं मी स्वतः बुक केली होती, ट्रेनची तेवढी एका एजंटकडून काढली आणि तिथेच फसलो. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याने हे कसं केलं ते नीट सांगतो, कारण तिकिटं खोटी नव्हती. खोटी असती तर मला तेव्हाच कळलं असतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला होता, युरोप रेल बुकिंग, कन्फर्म सीट. फोन केला तर म्हणाला, "सर, सीझनला तिकडे पण वेटिंग लागतं, आमचा एजंट कोटा असतो, तुम्ही फक्त पासपोर्टचे फोटो पाठवा." आयआरसीटीसीवर वर्षानुवर्षं तात्काळसाठी झटून आपल्या मनात ही धास्ती बसलेलीच असते, त्यामुळे मला काही खटकलंच नाही. आता माहिती आहे म्हणून सांगतो, तिकडे आपल्यासारखं वेटिंग नाही, आरएसी नाही. सीट असेल तर तिकीट मिळतं, नसेल तर ती गाडी फुल. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा असल्या फास्ट गाड्यांचं भाडं विमानासारखं असतं, लवकर काढलं तर स्वस्त आणि तारीख जवळ येईल तसं महाग. आणि हे तिकीट तुम्ही घरबसल्या फ्रेंच रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्ट अ‍ॅपवर किंवा इटलीचं ट्रेनइटालियाच्या साइटवर काढू शकता, फक्त बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू करायचं. एजंट कोट्याची गोष्ट साफ खोटी.

चौघांचे मिळून त्याने १,१२,००० घेतले, तेही यूपीआयने स्वतःच्या पर्सनल खात्यात. आठवडाभरात पीडीएफ आल्या. मी आंधळेपणाने विश्वास ठेवला नाही हो, पॅरिस-नीसच्या तिकिटावरचा सहा अक्षरी नंबर आणि आडनाव अ‍ॅपमध्ये टाकून बघितलं, चौघांची नावं, डबा, सीट सगळं बरोबर दिसलं. मग निश्चिंत झालो. बाबांनी तर सगळ्याच्या कलर प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावल्या.

पॅरिसला गार द लिओँ स्टेशनवर आम्ही तासभर आधी पोचलो. तिथे प्लॅटफॉर्म नंबर गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधी बोर्डावर येतो, तोवर सगळे हॉलमध्ये मान वर करून उभे. नंबर आला, आम्ही बॅगा ओढत गेटपाशी गेलो, बाबांनी फोल्डर उघडून पहिली प्रिंट स्कॅनरवर धरली आणि लाल दिवा लागला. कागद पुसून परत धरली, परत लाल. मग आईची, मग बायकोची, मग माझी, चारही लाल. मागे रांग खोळंबलेली, गेटवरची बाई फ्रेंचमध्ये काहीतरी सांगतेय आणि बाबा तिला पासपोर्ट दाखवून पुन्हा पुन्हा तिकिटावरच्या नावावर बोट ठेवतायत. ते बोट अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. सुटायच्या दोन मिनिटं आधी दरवाजे बंद होतात, गाडी आमच्यासमोर गेली.

खिडकीवरच्या मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिकीट रद्द, पैसे परत, तारीख प्रवासाच्या नऊ दिवस आधीची. आमची गाडी टीजीव्ही इनुई, तिचं तिकीट सुटायच्या सात दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. बुकिंग त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डवर, त्यामुळे रद्द झाल्याचा मेलही त्यालाच गेला आणि रिफंडही त्यालाच. आमच्या हातात नुसता कागद. त्याच दिवशीची पुढच्या गाडीची चार तिकिटं ४८० युरोला पडली, म्हणजे पन्नास हजारांच्या जवळपास, आणि चार तास आई बॅगेवर बसून होती.

पुढे नीस ते व्हेंटिमिलिया, म्हणजे इटलीच्या हद्दीतलं पहिलं गाव, त्याचे त्याने "सीट रिझर्वेशन" म्हणून माणशी ८०० वेगळे लावले होते. ती टीईआर, म्हणजे लोकलसारखी गाडी, तिच्यात सीट नंबरच नसतात, रिझर्वेशन कशाचं करणार? व्हेंटिमिलिया-मिलानचं तिकीटही रद्द निघालं. फक्त मिलान-व्हेनिसचं चाललं, कारण ते सुपर इकॉनॉमी, म्हणजे सवलतीच्या भाड्याचं होतं, ज्याचा रिफंडच मिळत नाही. म्हणजे जिथे पैसे काढता आले तिथे त्याने काढले.

तेव्हा एजंटकडूनच घ्यायचं असेल तर बुकिंग तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्या अकाउंटमधून करायला लावा, तो नाही म्हणाला तर तिथेच थांबा. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, विकत असेल तर टीजीव्हीचं रिझर्वेशन त्यात येत नाही, ते वेगळं काढावं लागतं, हे त्याच्या तोंडून ऐकून घ्या. आणि आधी एकदा चेक केलं म्हणून गप्प बसू नका, निघायच्या आठवड्यात परत नंबर टाकून बघा. परत येऊन मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे जाऊन तीन महिने झाले होते. हे लगेच केलं तरच खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

त्याच ग्रुपमधून आमच्या बी विंगच्या काकूंनी पण त्याच्याकडूनच तिकिटं काढलीत, पॅरिस-स्ट्रासबर्ग, तिघांची. गेल्या सोमवारी मी त्यांच्याकडे जाऊन अ‍ॅपमध्ये नंबर टाकून दाखवला, तेव्हा तिन्ही तिकिटं व्यवस्थित दिसत होती, प्रवासाला अकरा दिवस होते. मी सांगितलं रोज बघत राहा. आज सकाळी त्यांचा फोन आला, तिन्ही रद्द.