डिस्नीची नोकरी म्हणून १,५८,०४० रुपये घेतले, आणि ते पार्क अजून बांधलेलंच नाही

माझ्या मुलाला नोकरी लावतो म्हणून एका एजंटच्या ऑफिसने आमच्याकडून किती घेतले तो आकडा आधीच सांगते कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. एक लाख अठ्ठावन्न हजार चाळीस रुपये. रजिस्ट्रेशन २,५००, ट्रेनिंग १८,००० आणि त्यावर जीएसटी म्हणून ३,२४०, मेडिकल ५,८००, व्हिसा प्रोसेसिंग ६५,०००, विमानाचं तिकीट २३,५०० आणि "परत मिळणारं" सिक्युरिटी डिपॉझिट ४०,०००. माझे मिस्टर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मी घरून डबे देते. एक लाखाचं गोल्ड लोन माझ्या बांगड्यांवर काढलंय आणि त्याचं व्याज दर महिन्याला जातंय, नोकरी मिळो न मिळो.

बारावीचा निकाल २०२५ ला ५ मे ला लागला. ७ मे ला डिस्नीने जाहीर केलं की अबूधाबीत यास आयलंडवर त्यांचं थीम पार्क होणार. दोन दिवसांचं अंतर. घरात पोरगा बारावी कॉमर्स पास होऊन बसलेला, पुढे काय करायचं ठरत नाही, आणि मोबाईलवर जाहिरात की "डिस्नी अबूधाबी मेगा भरती, बारावी पास, फ्रेशर चालेल, वय १८ ते २५, राहणं खाणं कंपनीचं". राइड ऑपरेटर, लाइफगार्ड, गेस्ट सर्व्हिस, कॅरेक्टर परफॉर्मर, तिकीट काउंटर अशी कामांची यादी. पगार २,२०० दिरहम, म्हणजे आपले पन्नास हजाराच्या आसपास. निकालाच्या आठवड्यात ही जाहिरात बरोब्बर अठरा वर्षांच्या पोरांच्याच मोबाईलवर येते, चाळिशीच्या माणसाला दिसत नाही, मला कधीच दिसली नाही.

लोक म्हणतात लोभ नडला. मला याचा फार राग येतो. आमच्या भागातली कितीतरी पोरं आखातात आहेत, प्रत्येकाने एजंटला पैसे दिले होते, आणि ती पोरं खरंच तिथे कामाला आहेत, घरं बांधलीत त्यांनी इथे. एजंटला पैसे देणं ही आमच्याकडे रीतच आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मग आम्हाला का वाटावं? आणि आम्ही डोळे झाकून ऑनलाइन पैसे पाठवले नव्हते, ऑफिस बघून आलो होतो. नवी मुंबईत, स्टेशनच्या जवळ, एसी ऑफिस, रिसेप्शन, भिंतीवर पार्कचे मोठे फोटो, परवान्याचा नंबर फ्रेम करून लावलेला, आणि आमच्यासारखेच आईबाप पोरांना घेऊन रांगेत बसलेले. तिथली मॅडम मराठी बोलत होती, मला ताई ताई करत होती. आता कळलं की ते ऑफिस सीटच्या हिशोबाने भाड्याने मिळतं आणि फोटो काढून नेले की मागे काहीच उरत नाही. भिंतीवरचा परवाना नंबर आमच्या फोटोत होता म्हणून नंतर तो केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकला, जिथे परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असते, तर तो भलत्याच फर्मचा निघाला. नंबर आहे एवढं बघून उपयोग नाही, तो नंबर कोणाच्या नावावर आहे आणि पत्ता कुठला आहे ते बघा, आणि ते तिथे रांगेत बसूनच बघा, पोर्टल मोबाईलवर उघडतं.

आता ज्या क्षणाचा मला रोज रात्री विचार येतो तो सांगते.

ऑफर लेटर हातात दिलं तो दिवस. गुळगुळीत कागद, वर लोगो, खाली शिक्का. "डिस्नीलँड अबूधाबी, पद राइड ऑपरेटर, जॉइनिंग १ ऑगस्ट २०२५". आणि मी, मीच, त्या मॅडमला विचारलं की अहो मॅडम, पार्क तर आत्ता जाहीर झालंय ना, अजून व्हायचंय, मग १ ऑगस्टला हा कामाला कुठे जाणार? प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच आठवड्यात माझ्याच पोराने मला बातमी वाचून दाखवली होती, त्यात "होणार" असंच लिहिलं होतं. पार्क व्हायला कित्येक वर्षं लागतात, त्याचं डिझाईन, त्याचं बांधकाम, हे मला कळत होतं. ती बाई हसली आणि म्हणाली, "ताई, ही प्री-ओपनिंग टीम आहे, पार्क उघडेपर्यंत ही मुलं फेरारी वर्ल्ड आणि सीवर्ल्डला ट्रेनिंग घेणार, एकाच ग्रुपचं आहे सगळं." बाजूचे एक काका मान हलवून म्हणाले हो हो, मोठ्या कंपन्यांत असंच असतं. आणि हे ऐकायला खरंच पटतं हो! फेरारी वर्ल्ड २०१० पासून आहे, वॉर्नर ब्रदर्स २०१८ ला झालं, सीवर्ल्ड २०२३ ला, सगळं त्या एकाच यास बेटावर, आणि ते चालवणारी मिराल कंपनीच डिस्नीचं पार्क बांधणार आहे, हेही खरं. खोट्याला खऱ्याचं असं अस्तर लावलेलं होतं. तिने चार गोष्टी खऱ्या सांगितल्या आणि पाचवी खोटी त्यात सरकवली. मी विचारलं होतं, एवढंच म्हणणं आहे माझं. ज्याने विचारलं त्याच्याकडे पण असं तयार उत्तर फेकलं जातं. तिथे उठून पोराचा हात धरून बाहेर पडले असते तर तोपर्यंत फक्त २३,७४० गेले होते. फक्त म्हणतेय मी आता.

दुसऱ्या दिवशी ६५,००० भरले. क्यूआर स्कॅन केला तर वर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. मिस्टरांनी विचारलं तर म्हणे कंपनीच्या अकाउंटचं ऑडिट चालू आहे. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा, आणि ते पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल तर पिन टाकू नका, कोणी काहीही कारण सांगो.

ट्रेनिंगचं सांगायलाच हवं कारण त्यातच सगळं उघडं होतं. एका खोलीत प्रोजेक्टरवर व्हिडिओ. राइड ऑपरेटर म्हणजे काय, तर बसलेल्या प्रत्येकाचा सेफ्टी बार हाताने ओढून बघायचा, मुलांची उंची पट्टीला लावून बघायची, गाडी सोडायच्या आधी सहकाऱ्याचा इशारा घ्यायचा, काही बिनसलं तर राइड थांबवायची. हे सगळं नुसतं पडद्यावर. बॅचमधल्या ज्या पोरांना लाइफगार्ड म्हणून घेतलं होतं त्यांच्याकडूनही तेवढेच पैसे घेतले आणि त्यातल्या एकालाही पाण्यात उतरवलं नाही, तुला पोहता येतं का हे सुद्धा विचारलं नाही. लाइफगार्डला पोहायला न लावता नोकरी देतंय कोण? हे पोराने मला घरी येऊन सांगितलं असतं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता, पण त्याला वाटलं तिकडे गेल्यावर शिकवतील. त्याचं वय अठरा. त्याला दोष देणाऱ्यांनी माझ्याशी बोलूच नये.

आमच्या ओळखीचा एक मुलगा खोपोलीजवळ इमॅजिकाला काउंटरवर लागला, त्याच्याकडून कोणी एक रुपया घेतला नाही. इंटरव्ह्यू, कागदपत्रं, कामावर हजर. पार्कवाल्यांना सीझनला पोरं हवीच असतात, ते पोरांकडून पैसे कशाला घेतील? पगार ते देणार आणि पैसेही आपणच द्यायचे, हे उलटं कसं चालेल. युएईच्या कायद्यातच आहे की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, २०२१ चा कायदा आहे, क्रमांक ३३. आणि आपल्याकडचा नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंट जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो. मला हे सगळं आता कळतंय. निकालाच्या वेळी शाळा कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचे मेळावे होतात, तिथे हे एक वाक्य कोणी सांगत नाही.

आमच्याच बॅचच्या एका मुलीला अमेरिकेचं दाखवलं होतं, ऑरलँडोला थीम पार्कमध्ये जे-१ व्हिसावर काम, ३,२०,००० मागितले. तिच्या वडलांकडे एवढे नव्हते म्हणून ती वाचली. जे-१ च्या समर वर्क ट्रॅव्हलसाठी, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत तिकडे काम करायच्या योजनेसाठी, मुलगा आधीच कॉलेजला असावा लागतो आणि निदान एक सेमिस्टर झालेलं असावं लागतं. नुकतीच बारावी झालेल्या पोराला तो मिळतच नाही. डीएस-२०१९ नावाचा फॉर्म लागतो आणि तो फक्त अमेरिकन सरकारने मान्यता दिलेला स्पॉन्सर देतो, नवी मुंबईतली मॅडम नाही.

डिपॉझिटचे ४०,००० कॅश घेतले, कंपनीचा नियम म्हणे. साध्या कागदावर सही दिली. ट्रेनिंगच्या पावतीवर जीएसटी नंबर होता तो नंतर माझ्या दिरांनी बघितला, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते एका नजरेत म्हणाले वहिनी, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, हा ०९ आहे, हा यूपीचा. जीएसटीच्या साइटवर टाकला तर कपड्याचं दुकान निघालं. व्हिसाची पीडीएफ आली त्यावर टुरिस्ट लिहिलेलं. विचारलं तर म्हणे आत गेल्यावर कन्व्हर्ट होतो. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदेशीर आहे, पोरगा पोचला असता तर पकडला त्यालाच असता. आणि एक डाव लक्षात घ्या: युएईला जाताना दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे तपासणी आवश्यक, असं असतं, त्याला सरकारी क्लिअरन्स लागतो, म्हणजे कोणीतरी कागद बघतं. दहावी पासला तो लागत नाही. म्हणून यांना बारावी पास पोरं हवी असतात, मध्ये तपासणारं कोणी नाही. मॅडमने हेच आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं, "तुमचा ईसीएनआर आहे, काही टेन्शन नाही."

जायच्या आदल्या रात्री वेब चेक-इन करायला बसलो तर बुकिंग सापडत नाही. तिकीट दिलं त्या दिवशी पीएनआर एअरलाइनच्या साइटवर दिसत होता, मी स्वतः बघितला होता. ते नुसतं होल्डवर ठेवलेलं बुकिंग होतं, पैसे न भरल्याने गेलं. फोन बंद. सकाळी ऑफिसला गेलो तर दुसरीच माणसं बसलेली.

आणि इथून पुढचा जो त्रास आहे तो मला त्या चोरांपेक्षा जास्त लागला. गावातल्या पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले पैसे तिकडे दिले, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले ट्रान्सफर तुमच्या घरून झालाय, तुमच्या हद्दीत तक्रार द्या. सायबरवाले म्हणाले तुम्ही ऑफिसला समोरासमोर गेला होता, हे सायबर नाही. पोलीस स्टेशनवाले म्हणाले ऑनलाइन पेमेंट आहे, हे सायबरच आहे. एका साहेबांनी तर माझ्या मुलाकडे बघून विचारलं, "शिकायचं सोडून कशाला गेला होता रे मरायला?" तो तिथे मान खाली घालून उभा होता. त्या साहेबांना मी काही बोलले नाही कारण तक्रार घ्यायची होती त्यांनी. घेतली नाहीच. साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि अर्ज म्हणजे एफआयआर नाही हे आम्हाला नंतर वकिलाने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. हे मी तोंडपाठ करून गेले तर म्हणाले ताई, कायदा आम्हाला शिकवू नका. हा तुमचा आपापसातला व्यवहार आहे, कोर्टात जा. कपड्याच्या दुकानाच्या नंबरवर पावती फाडणाऱ्या माणसाशी माझा कसला व्यवहार?

बँक म्हणाली पिन तुम्ही स्वतः टाकलाय. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर त्यांनी निदान ऐकून घेतलं, ऑनलाइन गेलेल्या १,१८,०४० पैकी ७,२०० एका खात्यात होल्ड झाले, बाकी पुढे काढून घेतलेले. तेही ७,२०० हातात नाहीत, कोर्टाची ऑर्डर लागेल असं तेव्हा सांगितलं. १९३० ला पैसे गेल्याच्या पहिल्या तासात फोन करा, संशय आला तरी करा, खात्री व्हायची वाट बघू नका. कॅशच्या ४०,००० ला सगळीकडे एकच प्रश्न, पुरावा काय. केंद्र सरकारच्या एका ऑफिसला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की ही फर्म आमच्याकडे नोंदणीकृत नाही त्यामुळे पोलिसांशी संपर्क साधा. अहो नोंदणी नाही हीच तर तक्रार आहे! बिगर नोंदणीचा माणूस १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली गुन्हेगार आहे. ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाकली तर "संबंधित विभागाकडे वर्ग" म्हणून बंद. कोणाकडे वर्ग, कधी, काही नाही.

या सगळ्यात एफवायच्या ॲडमिशन संपल्या. पोराने आता मुक्त विद्यापीठात बीकॉमला नाव घातलंय आणि दिवसा दिरांच्या दुकानात बसतो.

वकिलाच्या सल्ल्याने एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवलीय, त्यानेही नाही झालं तर बीएनएसएसच्याच कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार. वकील म्हणतात एकट्याच्या तक्रारीपेक्षा बॅचमधल्या सगळ्यांनी आपापल्या पावत्या लावून दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ची फसवणूक नाकारणं पोलिसांना जड जाईल. आमच्या बॅचचे काही आईबाप लाजेने पुढे येत नाहीयेत. ज्यांनी मे ते जुलै २०२५ मध्ये अबूधाबीच्या पार्कसाठी पैसे भरले आणि ज्यांच्या पावतीवरचा जीएसटी नंबर ०९ ने सुरू होतो त्यांनी पावती, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि ऑफर लेटर फेकू नका, व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, आणि लेखी तक्रार देऊन पोचचा शिक्का घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.