आरएक्स १०० : पावसाळा, थंडी, उन्हाळा रोज चालवल्यानंतर (आणि नवी येणार म्हणतात त्याबद्दल)

यामाहाची जुनी मोटारसायकल आरएक्स १०० पुन्हा नवी येणार, ही बातमी दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतेच. कधी इंजिन २०० सीसीचं असतं, कधी २२५ चं, आणि सोबत कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलेला फोटो. आमच्या घाटंजीकडे असा फोटो आला की टपरीवर दुसरा विषय निघत नाही. मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर १९९० च्या दशकातली जुनी आरएक्स घेतली आणि तेव्हापासून वावरात, बाजारात, यवतमाळला तीच नेतो. त्यामुळे नवीत काय पाहिजे यावर माझं मत आता पक्कं झालं आहे. लोक आवाजावर आणि सीसीवर भांडतात. मला विचाराल तर या गाडीचा जीव तिच्या वजनात आहे.

गाडी १९८५ ला भारतात आली, एस्कॉर्ट्स आणि यामाहाच्या भागीदारीतून. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० पण आली. दोन्हींचं इंजिन जवळपास सारखंच, ९७-९८ सीसी. पण सीडी फोर स्ट्रोक, ताकद सातेक बीएचपी. आरएक्स टू स्ट्रोक, ११ बीएचपी, आणि सगळं मिळून वजन १०३ किलोच्या आसपास. मायलेज पाहणाऱ्यांनी सीडी घेतली. ज्यांना पळायचं होतं त्यांनी आरएक्स. १९९६ ला ती बंद झाली, तरी आज गावातल्या पोरांना तिचं नाव माहीत आहे.

आता काळ्या मातीतला पावसाळा. दोन सरी झाल्या की आमच्या पांदण रस्त्यावर चिखल असा चिकटतो की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. शेजारच्या भाऊंची १५० सीसीची नवी गाडी आहे, मागचा टायर रुंद. ती अडकली की ओढायला दोन माणसं लागतात. माझी अडकली की मी खाली उतरतो, मागचं कॅरिअर धरून शेपूट उचलतो, धुऱ्यावरच्या गवतावर ठेवतो, पऱ्हाटीच्या काडीनं चिखल खरवडतो आणि निघतो. टायर अरुंद आहेत, पुढे २.५०, मागे २.७५, दोन्ही १८ इंची. ते चिखलावर तरंगत नाहीत, कापत जाऊन खालची टणक जमीन धरतात. चेनवर पूर्ण बंद कव्हर आहे, त्यामुळे चेनमध्ये माती जात नाही. आजच्या गाड्यांमधून हे कव्हर का काढलं, मला समजत नाही. शहरात चालेल. शेतकऱ्याच्या गाडीला ते पाहिजेच.

ओझ्याचं म्हणाल तर युरियाची ४५ किलोची बॅग मागे बांधून चढ चढते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, ताकद कमी आहे. आरपीएम दाखवणारा काटा (टॅकोमीटर) नाही, कानानंच कळतं: आवाज एका ठिकाणी चिरका होतो आणि तिथून गाडी एकदम हलकी होऊन पुढे झेपावते. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये एक आड एक. म्हणून ९८ सीसीतून ११ बीएचपी निघते.

यात नवख्या माणसाला न दिसणारी एक चीज सांगतो. टू टी ऑइलची, म्हणजे पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू स्ट्रोकच्या ऑइलची, टाकी बाजूच्या कव्हरमागे वेगळी असते. तिथून एक छोटा पंप इंजिनला ऑइल देतो, आणि त्या पंपाची केबल थ्रॉटलच्या केबलला जोडलेली असते. म्हणजे मूठ जितकी पिळाल तितकं ऑइल जास्त. पंपाच्या चाकावर एक खूण असते. केबल सैल झाली की ती खूण सरकते, मग ऑइल कमी जातं आणि पिस्टन जाम होतो. आमचे मिस्त्री काका दर सर्व्हिसिंगला आधी ती खूण पाहतात, बाकी सगळं नंतर. बऱ्याच जुन्या गाड्यांचे पंप काढून टाकलेले असतात आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असतो. त्यानं गाडी चालते, पण एक तर धूर जास्त नाहीतर ऑइल कमी. माझ्या गाडीचा पंप चालू होता, आणि मी ती घेण्याचं हे मोठं कारण.

सायलेन्सरमधली आतली नळी अधूनमधून काढून तिच्यावरचा काळा, डांबरासारखा थर साफ करावा लागतो. नाही केला की ओढ कमी होते. आवाजासाठी ती नळी फेकून देणारे आहेत. त्यांना एवढंच सांगेन की टू स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाण्याचा मार्ग इंजिनच्या मापाचाच भाग असतो. नळी काढली की आवाज वाढतो, खालची ताकद घटते आणि शेजाऱ्यांची झोप जाते.

पेट्रोलचा त्रास खरा आहे. आता बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आठवडाभर गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचायची भीती, आणि कार्ब्युरेटरमधलं जुनं रबर फुगतं. माझा कार्ब्युरेटर वाहायला लागला होता. त्याची नीडल आणि पेट्रोलच्या कॉकचे (टाकीखालच्या तोटीचे) वॉशर बदलले तेव्हा थांबला. तेव्हापासून गाडी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करतो. मायलेज ३५ ते ४०, माझ्या हाताला.

ज्यात ती खरंच मागे आहे ते म्हणजे दिवा आणि ब्रेक. हेडलाइट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागावर चालतो, त्यामुळे गाडी हळू केली की उजेड विझत आल्यासारखा होतो. रात्री आमच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात, आणि जिथे हळू करायचं तिथेच उजेड कमी. दोन्ही ब्रेक ड्रमचे, आणि टू स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नाहीच, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकवर. अंधार पडल्यावर मी ही गाडी नेत नाही, आणि कुणाला नेऊही देत नाही.

तर मग नवी कशी असेल? टू स्ट्रोक येणार नाही, हे मनाशी धरून चला. या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलायला ताजं पेट्रोल-मिश्रणच वापरलं जातं, त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं, शिवाय ऑइल जळतं ते वेगळंच. एप्रिल २०२० पासूनच्या धुराच्या बीएस-सहा नियमांत ते बसवणं महाग आहे. केटीएमनं २०१७ मध्ये पेट्रोल इंजेक्शनवाल्या टू स्ट्रोक एन्ड्युरो (खडबडीत रस्त्यांच्या शर्यतीच्या) गाड्या आणल्या, म्हणजे तंत्र आहे. पण ती किंमत आपल्या बाजाराची नाही. यामाहा इंडियाचे तेव्हाचे प्रमुख ईशिन चिहाना यांनीही काही वर्षांपूर्वी साधारण हेच सांगितलं होतं: फोर स्ट्रोकमध्ये तसा अनुभव द्यायचा तर किमान २०० सीसी लागेल, आणि तरी तो आवाज येणार नाही.

इथेच मला धास्ती वाटते. २०० सीसी म्हणजे १२५ च्या वर, म्हणजे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं, धूर साफ करणारा मोठा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, मजबूत चेसिस आली. यामाहाचीच एक्सएसआर १५५ घ्या, जुन्या वळणाची, देखणी. १८.४ पीएस (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) आणि १३७ किलो. कागदावर दर किलोमागे ताकद तिची जास्तच, टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, जवळपास बरोबरीत. पळायला ती आरएक्सच्या पुढे जाईल, यात मला शंका नाही. पण चिखलात शेपूट उचलताना त्या जास्तीच्या ३४ किलोंतला वाटा माझ्याच पाठीवर येणार. २०० सीसी म्हणजे त्याहून वर.

म्हणून यामाहानं २०० च्या मागे लागूच नये. १५० च्या आत, एअर-कूल्ड, तारेची चाकं, १८ इंची अरुंद टायर, चेनला पूर्ण कव्हर, पुढे डिस्क आणि रात्री दिसेल असा दिवा. वजन १२० किलोच्या आत आणलं तर नाव शोभेल. टू स्ट्रोकचा आवाज मला नको, हे मी मनापासून सांगतो. तो जुन्या गाडीत आहे तसा राहू द्या.

नवीची वाट पाहू की जुनी घेऊ, असं बरेच जण विचारतात. रोजची एकच गाडी पाहिजे असेल तर जुनी घेऊ नका, सुट्या भागांत डुप्लिकेट इतके आहेत की प्रत्येक वेळी मिस्त्रीला दाखवूनच घ्यावे लागतात. घरात दुसरी गाडी असेल तर जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का आणि एचएसआरपी (सुरक्षित नंबर) पाटी बसली आहे का ते पाहा, आणि ऑइल पंप चालू आहे का ते समोर कव्हर उघडून दाखवायला सांगा. मालक कव्हर उघडायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी पाहा.