आल्गार्वचे किनारे: सासूबाईंसोबत जाणाऱ्यांसाठी

आल्गार्व म्हणजे पोर्तुगालचा दक्षिण किनारा. पोस्टरवर दिसतात ते सोनेरी कडे, कमानी आणि हिरवंनिळं पाणी याच प्रांतातलं. आम्ही लिस्बनला राहतो, फारो या इथल्या मुख्य शहरापर्यंत आगगाडीने तीनेक तास लागतात, त्यामुळे हा किनारा आता ओळखीचा झालाय. या वेळी मालवणहून सासूबाई आल्या होत्या. वय सत्तरीपुढचं, गुडघे दुखरे, पण समुद्र म्हटला की आधी त्या तयार. त्यांच्याबरोबर फिरल्यावर माझं मत पक्कं झालं: घरातलं वयस्कर माणूस सोबत असेल तर मुक्काम पूर्वेला, ओल्याँव किंवा ताविराला करा. पश्चिमेचे नावाजलेले किनारे एका दिवसात बघून घ्या.

पश्चिमेचं सौंदर्य खरं आहे, त्यात काही कमी नाही. लागोशजवळ पोन्ता दा पिएदादला चुनखडकाचे सुळके सरळ समुद्रातून उभे राहिलेत. खडक मायोसीन काळातला, म्हणजे लाखो वर्षं जुना, पण मऊ, जवळून पाहिलं तर शिंपल्यांचे ठसे दिसतात. तो मऊ म्हणूनच लाटांनी त्यात इतक्या गुहा आणि कमानी कोरल्या. वर लाकडी पायवाट केली आहे, तिच्यावरून सासूबाईंनी सगळं निवांत पाहिलं. पण खाली वाळूवर जायचं तर पायऱ्या. प्राया दो कामिलो या किनाऱ्याला सुमारे २०० आहेत. उतरणं जमेलही, वर चढताना काय? आम्ही वरूनच पाहून परतलो. दोना आना किनाऱ्याला पायऱ्या कमी आणि वाळू बरीच रुंद, २०१५ मध्ये तिथे मुद्दाम वाळू आणून टाकली. ऑगस्टमध्ये मात्र तिथे चटई पसरायला जागा शोधावी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. उन्हात आपल्या माणसांना सावली हवी असते, आणि दुपारनंतर कड्याच्या पायथ्याशी छान सावली पडते. तिथे बसू नका. २१ ऑगस्ट २००९ रोजी आल्बुफेइराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर असाच कडा कोसळून ५ माणसं गेली. दरड कोसळण्याचे फलक जागोजागी लावलेत, तरी त्यांच्याखालीच टॉवेल अंथरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलंबाळं असतील तर छत्री भाड्याने घ्या आणि कड्यापासून लांब बसा.

बेनाजिलच्या समुद्रगुहेची बोटसफर आम्ही एका कंपनीकडून घेतली. नाव लिहीत नाही, पण या कंपनीला माझे पाचपैकी दोनच गुण. जाहिरातीत गुहेतल्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो होता. २०२४ च्या नियमांनुसार आत उतरायला बंदी आहे, पोहत जायलाही बंदी आहे, हे तिकीट काढताना कोणी सांगितलं नाही. वरच्या गोल भोकातून ऊन आत पडतं ते दृश्य अप्रतिमच आहे. पण पुढे-मागे बोटी, इंजिनाचा धूर, आणि काही मिनिटांत बाहेर. परतताना हवा भरलेली ती बोट लाटांवर इतकी आपटत होती, की सासूबाईंनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी मोठी, संथ बोट मागून घ्यावी.

आता पूर्वेकडे. फारोच्या थोडं अलीकडेच कडे संपतात आणि रिया फोर्मोझाची खाडी सुरू होते. १९८७ पासून ते नैसर्गिक उद्यान आहे. किनाऱ्याला समांतर वाळूची लांबट बेटं, आणि मध्ये उथळ खारं पाणी. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि माणसं वाकून शिंपल्या वेचायला लागतात. इथे सासूबाई पहिल्यांदा खुर्चीतून उठून काठापर्यंत गेल्या. मालवणात आयुष्य गेलेल्या बाईला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

ओल्याँवच्या धक्क्यावरून बेटांना फेरी सुटते. टुरिस्टांची सफर नव्हे, रोजची लोकल सेवा. भाजीच्या पिशव्या, गॅसची टाकी, कुत्री, शाळकरी पोरं, सगळ्यांसोबत आपणही बसायचं. तिकीट काही युरोंचं. आर्मोना वीसेक मिनिटांवर, कुलात्रा साधारण अर्ध्या तासावर, आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला फारोल, जिथे १८५१ चं दीपगृह आहे. बेटावर मोटारगाड्या नाहीत. कुलात्रा हे कोळ्यांचंच गाव. घरांपुढे जाळी, कुंड्या, सावलीत बसलेली म्हातारी माणसं. गाव ओलांडलं की टेकाडांवरून लाकडी पायवाट थेट खुल्या समुद्रापर्यंत जाते. चढ नाही, पायरी नाही. अंतर मात्र बऱ्यापैकी आहे, बाकड्यांवर बसत बसत गेलो. चढताउतरताना खलाशी हात देतात, न मागता. या सेवेला पूर्ण पाच गुण.

पाणी थंड असतं, हे आधी सांगितलेलं बरं. हा अटलांटिक आहे, कोकणासारखं कोमट पाणी इथे मिळणार नाही. पश्चिमेला उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. पूर्वेकडे त्याचा जोर कमी, आणि लेवांते म्हणतात तो पूर्वेचा वारा सुटला की पाणी चांगलंच सुखद होतं. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, “थंडगार असा, पण तळ दिसता गो.” मग अर्धा तास हलल्या नाहीत.

सगळ्यात आवडला तो ताविराजवळचा बारीलचा किनारा. खाडीवरच्या पुलावरून पलीकडे गेलं की चिमुकली आगगाडी उभी असते. एके काळी ती मासेमारीचं सामान वाहायची, आता माणसांना किलोमीटरभर नेऊन वाळूपाशी सोडते. दुखऱ्या गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय मला आल्गार्वात दिसली नाही. किनाऱ्यावर शेकडो गंजलेले नांगर रांगेने वाळूत रोवलेत. उन्हाळ्याच्या तोंडाला भूमध्य समुद्राकडे अंडी घालायला जाणारा ट्यूना इथे मोठ्या स्थिर जाळ्यांत अडवायचे, आणि त्या जाळ्यांना धरून ठेवायला हे नांगर. मासा काठाजवळून जाईनासा झाला आणि १९६० च्या दशकात धंदा बंद पडला. कोळ्यांच्या बैठ्या चाळीत आता उपाहारगृहं आहेत. सासूबाई कितीतरी वेळ नांगरांमधून फिरल्या. रापणीला सगळा वाडा दोर ओढायला उतरायचा तसाच इथलाही गाव असणार, असं त्या म्हणाल्या, आणि मग इथली माणसं पुढे कुठे गेली असतील, ते विचारत राहिल्या.

खाण्याची काळजी नको. लसूण आणि भरपूर कोथिंबीर घालून वाफवलेल्या शिंपल्या, भाजलेले तारली जातीचे मासे, आणि ओल्याँवकडचं शेरें, म्हणजे शिंपल्या घातलेली मक्याच्या रव्याची दाट पेज. शेरें तर सासूबाईंनी दोनदा मागवलं. वाळूवर बोला द बेर्लिं नावाचे तळलेले गोड पाव विकणारे फिरतात, आत पिवळं अंड्याचं क्रीम असतं. अंडं चालत नसेल तर बिनक्रीमचा मागा, पण पिठातलं अंडं विचारून घ्या.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. जून किंवा सप्टेंबर उत्तम. ६५ वर्षांपुढच्यांना आगगाडीत निम्मं तिकीट, वयाचा पुरावा जवळ ठेवा. आल्बुफेइराचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, ओल्याँव आणि ताविराचं मात्र चालण्याच्या अंतरावर. किनाऱ्यावर पिवळा झेंडा असेल तर पोहू नका, लाल असेल तर पाण्यातच जाऊ नका, निळ्या-पांढऱ्या चौकटींचा असेल तर जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही असं समजा. हिवाळ्यात फेऱ्या फार कमी होतात, तेव्हा बेटावर उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ बघून घ्या. आणि ओल्याँवचा लाल विटांचा मासळीबाजार रविवारी बंद असतो, शनिवारी सकाळी लवकर जा, तेव्हा बाहेर शेतकऱ्यांचाही बाजार भरतो.