कमरेतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

खुब्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आणलेल्या आजोबांचे नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, कमरेखालचीच भूल द्या, हार्टला झेपायचं नाही." कमरेखालची म्हणजे बिनधोक, हा समज सांगलीपासून जतपर्यंत पक्का आहे. तो अर्धाच खरा.

या भुलीत कमरेतल्या मणक्यांच्या फटीतून बारीक सुईने ०.५ टक्के बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात, साधारण २.५ ते ३ मिली. आधी पाय गरम वाटतात, मग जड होतात. वेदना थांबते, पण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात आणि बीपी झपकन उतरतं. बधिरपणा छातीपर्यंत चढला तर नाडीही मंदावते. म्हणून सलाईन चालू आणि बीपी वर आणणाऱ्या फिनाइलेफ्रिन किंवा इफेड्रिनची सिरिंज भरलेली. हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर हे उतरणं महागात पडतं.

पूर्ण भुलीत झोपवणाऱ्या प्रोपोफॉलनेही बीपी घसरतं; घशात नळी घालताना ते उलट उसळतं, फेंटानिल हे वेदनाशामक त्याला आवरतं. दुबळ्या हृदयाला झोपवण्यासाठी इटोमिडेट बरं. केटामाइन हे भुलीचं औषध वेदना मारतं, पण ठोके वाढवतं. अँजायनावाल्याला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्याला, ते टाळलेलंच बरं.

दुखण्यापुरतं म्हणाल तर माझं मत कमरेतल्या इंजेक्शनला. ऑपरेशननंतरही काही वेळ कळ लागत नाही. पूर्ण भुलीतून मात्र डोळे उघडताच लागू शकते.

रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू असेल तर कमरेत सुई घालणं बहुधा लांबतं किंवा रद्दच होतं. तेव्हा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. 'ती पांढरी गोळी' यावरून काही कळत नाही.