मॅनेज्ड कुबरनेटीस, आठ महिन्यांनंतर: क्लस्टर ठणठणीत, वाट बंद

आमची पाच जणांची टीम, अकरा सर्व्हिसेस आणि एका मोठ्या क्लाउड कंपनीचं मॅनेज्ड कुबरनेटीस, म्हणजे अनेक मशीनच्या गटावर (क्लस्टरवर) आपल्या सर्व्हिसेस चालत्या ठेवणारी यंत्रणा, जिचा काही भाग कंपनीच सांभाळते. घेताना कंपनीने सांगितलं होतं, 'कंट्रोल प्लेनची, म्हणजे क्लस्टरच्या मेंदूची, काळजी आमची.' ती त्यांनी घेतली, खोटं कशाला बोलू. पण त्या कंट्रोल प्लेनपर्यंत पोचायचं कसं, हे त्रांगडं आमच्याच गळ्यात.

पहिला दणका जूनमधल्या पावसात. रविवारी रात्री पुण्यात लाइट गेले, आले, आणि मी लॅपटॉप उघडून क्यूबसीटीएल (क्लस्टरला हुकूम देणारी कमांड) चालवलं. कर्सर नुसता लुकलुकतोय. बऱ्याच वेळाने 'आय-ओ टाइमआउट'. क्रेडेन्शियल्स परत उतरवली, कॉन्टेक्स्ट (कोणत्या क्लस्टरशी बोलायचं ती निवड) बदलून पाहिला, बायकोच्या लॅपटॉपवरूनही करून झालं. दीड तास गेला. साइट मात्र मजेत चालू! शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलो, तर तिथे एररसुद्धा तीच, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. राउटर बंद-चालू झाल्यावर घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलला होता, आणि आमचा एपीआय सर्व्हर (कंट्रोल प्लेनचं प्रवेशद्वार) यादीतल्या आयपींनाच दार उघडतो. हॉटस्पॉटचा आयपी तरी यादीत कुठून असणार? नवा आयपी टाकला, झालं. पंधरवड्यात आणखी दोघांचं हेच. मग स्थिर आयपीचं व्हीपीएन घेतलं आणि यादीत तेवढा एकच ठेवला.

तेव्हापासून एररचा शब्द न् शब्द वाचतो. टाइमआउट म्हणजे बहुतेक वेळा पॅकेट वाटेतच गडप: फायरवॉल, आयपीची यादी, नाहीतर रूट. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्ता सापडला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. त्यात पत्ता लोकलहोस्ट 8080 असा दिसला तर क्लाउडला शिव्या घालू नका, क्लस्टरचा पत्ता आणि क्रेडेन्शियल्स ठेवणारी तुमची क्यूबकॉन्फिग फाइलच सापडलेली नाही. 'अनऑथराइज्ड' आलं तर मी चहा टाकतो. नेटवर्क ठीक आहे, ओळख पटवणारं टोकन शिळं झालंय एवढंच.

आतल्या भानगडी वेगळ्या. एकदा बिलिंग सर्व्हिस कोणालाच लागेना. पॉड (सर्व्हिसचा प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम) रनिंग, लॉग स्वच्छ. कुबरनेटीसमध्ये 'सर्व्हिस' म्हणजे पॉडपर्यंत पोचवणारा ठरलेला पत्ता; तिचे एंडपॉइंट्स, म्हणजे तिला जोडलेल्या पॉडची यादी, मागवले तर रिकामे! पॉडच्या लेबलमध्ये 'एल' एक जास्त पडला होता, म्हणून सर्व्हिसच्या सिलेक्टरशी (कोणत्या लेबलचे पॉड घ्यायचे ती अट) जुळत नव्हतं. कुबरनेटीस यावर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या लेखी शून्य पॉड जुळणं ही चूकच नाही. आता आधी पोर्ट-फॉरवर्ड (लॅपटॉपवरून पॉडपर्यंत थेट जोडणी) लावून थेट पॉडलाच विचारतो. पॉड बोलला आणि सर्व्हिस गप्प, तर घोळ दोघांच्या मधे.

डीएनएसचंही (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचं) एक. पेमेंट गेटवेला जाणारी हाक उगाच रेंगाळायची. पॉडमध्ये एनडॉट्स नावाची डीएनएसची सेटिंग मुळातच 5 असते. म्हणजे नावात पाचापेक्षा कमी टिंबं असली की ते आधी क्लस्टरच्या आतले प्रत्यय लावून शोधलं जातं, आणि तिथे नाही मिळालं की मग बाहेर. आम्ही ती 2 केली. फरक लगेच दिसला.

सपोर्टबद्दल काय बोलावं. तिकिटाला दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यात आम्ही आधीच वाचून झालेल्या पानाची लिंक.

तरी सोडणार नाही. स्वतः ईटीसीडी (क्लस्टरची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस) सांभाळायची माझी हौस एकदाच फिटली आहे. पुढच्या महिन्यात एपीआय सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता बंद करून खासगी एंडपॉइंटवर (फक्त आतल्या नेटवर्कमधून पोचता येईल अशा पत्त्यावर) जातोय. व्हीपीएन झोपलं तर आत शिरायला वाट हवी, म्हणून बॅस्टियन मशीन (आत शिरण्यासाठीचं पहारेदार मशीन) आत्ताच उभं केलंय.