खोक्यावर १२००, हातात ९४: फ्लॅटसाठी राउटर घेताना होणारी फसवणूक

पाच-सहा जण मिळून भाड्याने फ्लॅट घेतात, तिथे हा प्रकार हमखास चालतो. २०० एमबीपीएसचा प्लॅन ठरतो आणि जोडणीला आलेला माणूस सोबत राउटरही गळ्यात मारतो. खोक्यावर ‘एसी१२००’, ‘ड्युअल बँड’, चार अँटेना. पैसे सगळ्यांत वाटले जातात, म्हणून फारशी चौकशी कोणी करत नाही. पुढे स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी आकडा ९४-९५च्या वर जात नाही. तक्रार केली की उत्तर तयार असतं: ‘माणसं जास्त आहेत, ३००चा प्लॅन घ्या.’ सहा जण वाढीव पैसे भरतात. आकडा ९४च राहतो.

माणसं जास्त झाली तर वेग खालीवर होतो. पहाटे तीन वाजताही तो ९४वरच थांबत असेल तर दोष माणसांचा नाही. १२०० ही वायफायच्या दोन बँडच्या वेगांची निव्वळ बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, आकडा वर ओढून. तोही कागदावरचा कमाल वेग. खरी मेख राउटरच्या पाठीमागे आहे. नेट ज्या वॅन पोर्टमधून आत येतं, तो अनेक स्वस्त मॉडेलांत १०/१००चा, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचा असतो. त्यातला थोडा भाग डेटाच्या वेष्टनातच जातो आणि उरतात ९४-९५. अँटेना चार असोत की आठ, हे बदलत नाही. खोक्यावर पोर्टसमोर ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ (म्हणजे १००० एमबीपीएस) लिहिलेलं नसेल, तर १००च्या वरच्या प्लॅनसाठी तो राउटर घेऊच नका.

प्लॅन वाढवण्याआधी एक तपासणी कराच. वॅन पोर्टमधली केबल काढून गिगाबिट पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावा आणि विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसला तर केबल आणि फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबर वायर ज्यात लागते तो) ठीक आहेत, अडथळा राउटरचा. १०० दिसला तर केबलचं टोक नीट पाहा. गिगाबिटला आठही तारा लागतात. काही जण १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा टोकात दाबून बसवतात, कारण १०० एमबीपीएस तेवढ्यावर चालतं. आठही तारा असून १००च दिसला, तर दुसरी चांगली केबल लावून बघा. तरीही तेच आलं, तर फायबरच्या डब्याचाच पोर्ट १०० चा असू शकतो. तो बदलून देणं कंपनीचं काम, त्याचे पैसे देऊ नका.

आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून वायफाय पकडून पुढे सोडणारा रिपीटर विकतात, तोही बहुतेकदा वाया जातो. साधा सिंगल बँड रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. कॅट-६ केबल आत नेऊन दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर (केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पुढे देणारा) लावणं कितीतरी बरं.

जुना राउटर स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना मागची भोकं मोजा. हिरव्या टोकाची फायबर वायर लागणारी जागा आहे आणि वॅन पोर्ट नाही, तर तो बहुधा राउटर नाही, ओएनटी म्हणजे वर सांगितलेला फायबरचा डबा आहे. त्याचा सिरीयल नंबर कंपनीकडे नोंदलेला असतो, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर तो सहसा चालत नाही. बऱ्याचदा तो कंपनीच्याच मालकीचा असतो. सोडून जाणारा रूममेट तो तुम्हाला विकूच शकत नाही. जोडणी ज्याच्या नावावर, डिपॉझिटही त्यालाच परत मिळतं, म्हणून तो जाण्याआधी नाव बदलून घ्या.

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल क्रमांकासोबत हार्डवेअर व्हर्जन लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या व्हर्जनचं आतलं सामान वेगळं असू शकतं. ‘गिगाबिट’ म्हणून १०० चा पोर्ट दिला असेल, तर विक्रेत्याकडे लेखी बदलून मागा. तो टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. बिल, खोक्याचा फोटो आणि लिंक स्पीडचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा.