क्रूझच्या आधीचा एक दिवस आणि माझे ५१,३६५ रुपये

सिंगापूरहून क्रूझला जाणाऱ्या, आणि बोटीत चढण्याआधी एक दिवस एकट्याने युनिव्हर्सल स्टुडिओज हे तिथले मनोरंजन पार्क पाहण्याचा बेत आखणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण याच एका दिवसाच्या नावाखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्याकडून ५१,३६५ रुपये उकळण्यात आले. मी सोलापुरात राहते आणि एका महाविद्यालयाच्या लेखा विभागातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले आहे. हे मुद्दाम सांगते, कारण "शिकलेली माणसे कशी काय फसतात" हे वाक्य परत आल्यापासून मला इतक्या जणांनी ऐकवले आहे की त्याचा वीट आला आहे. अशिक्षिताला लुटायची आणि माझ्यासारखीला लुटायची रीत वेगळी असते, एवढेच.

क्रूझ खरी होती, हे आधी स्पष्ट करते. ती पुण्याच्या बहिणीने एका प्रवास कंपनीमार्फत रीतसर आरक्षित केली होती आणि माझा व्हिसाही त्याच कंपनीने काढून दिला होता. बहीण, मेहुणे आणि भाचा बोट सुटण्याच्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरणार होते. मी मात्र दोन रात्री आधी जायचे ठरवले. बोट कोणासाठी थांबत नाही आणि विमानाला उशीर झाला तर सगळेच बुडते, हे एक कारण. दुसरे असे की बहिणीला मणक्याचा त्रास आहे, मेहुण्यांना उंचीची भीती वाटते, आणि मला त्या मोठ्या राइड्समध्ये बसायचेच होते. त्यासाठी कोणाची सोबत लागते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

मोबाइलवर "क्रूझपूर्व एकल प्रवासी पॅकेज" अशी जाहिरात दिसली, मी चौकशी केली आणि तासाभरात फोन आला. बोलणारा तरुण अत्यंत अदबीने बोलत होता. मी सोलापूरची म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "मग आपण गाववालेच की ताई, मी अक्कलकोटचा, स्वामींच्या गावचा." असे कोणी म्हटले की आपल्याकडची माणसे निम्मी निश्चिंत होतात, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते. यापुढे कोणी न विचारता गावाचे किंवा देवाचे नाव काढले, तर फोन तिथेच ठेवावा.

त्याने पाठवलेले बिल मी आजही जपून ठेवले आहे. दोन रात्रींचे हॉटेल २२,८०० रुपये, पार्कचे एक दिवसाचे तिकीट ५,६५० रुपये, राइड्सची मोठी रांग टाळण्याचा एक्स्प्रेस पास ६,२०० रुपये, विमानतळावरून हॉटेल व हॉटेलवरून क्रूझ टर्मिनल अशी गाडी ४,८०० रुपये, आगमन कार्ड १,८५० रुपये. एकूण ४१,३०० रुपये. यात संशय यावा इतके स्वस्त काहीच नव्हते. फुकटाच्या मोहाने मी फसले, असे ज्यांना वाटते त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. मी सवलत मागितली नव्हती आणि त्यानेही ती देऊ केली नव्हती.

यातल्या आगमन कार्डाला मुळात एक पैसाही लागत नाही. सिंगापूरच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ते प्रवाशाने स्वतः भरायचे असते, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचे असते आणि ते पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारा माणूस बाकीच्या गोष्टीतही लुबाडणारच, असे खुशाल समजा. एक्स्प्रेस पासही त्याने मला घाबरवून गळ्यात मारला: "एकट्या बाईमाणसाला दोन-दोन तास रांगेत उभं राहायला लागतं ताई, पास घ्याच." प्रत्यक्षात तिथल्या काही मोठ्या राइड्सना एकट्या प्रवाशासाठी स्वतंत्र रांग असते, डब्यात एखादी जागा रिकामी राहिली की त्या रांगेतल्या माणसाला बसवतात आणि ती रांग बहुधा पुष्कळ लवकर सरकते. ज्याने खरोखर कधी एकट्या प्रवाशाला तिथे पाठवले असेल, तो हे पहिल्याच फोनवर सांगेल.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली आहे, ती सांगते. बिलाच्या शेवटी, एकूण रकमेच्या अगदी वर, "टीसीएस ५ टक्के, २,०६५ रुपये" अशी ओळ छापलेली होती. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून हा कर गोळा करायचा असतो आणि त्या वेळी दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर त्याचा दर पाच टक्केच होता, हे मला माहीत होते. मी कॅल्क्युलेटर घेऊन ४१,३०० चे पाच टक्के काढले, रुपयाला रुपया जुळले, आणि त्याच क्षणी माझ्या मनातला उरलासुरला संशय गेला. जो माणूस सरकारचा कर बिलात दाखवतो तो चोर कसा असेल, असे मला वाटले.

पण त्याने माझा पॅन क्रमांक विचारलाच नव्हता. पासपोर्टची प्रत घेतली, फोटो घेतला, बोटीच्या तिकिटाची प्रत घेतली, पॅन मात्र एकदाही मागितला नाही. टीसीएस हा ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो, आयकर विभागाकडच्या आपल्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पॅनच दिला नाही तर तो दुप्पट दराने घ्यावा लागतो. म्हणजे पॅन न घेता पाच टक्के ही आकारणी असूच शकत नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी पॅन दिला नाही की त्यांच्या मानधनातून वीस टक्के कापून मी त्यांची बोलणी खाल्ली आहेत, आणि तीच मी हे बिल हातात धरून बसले होते. हे मला त्याच मिनिटाला दिसायला हवे होते. तो विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही. तरीही मी विचारते की चोर चोरीच्या रकमेवर करही आकारेल, आणि तोही बरोबर दराने आकारेल, हे कोणाच्या डोक्यात येईल? पासपोर्ट दिल्यावर ओळखीची सगळी कागदपत्रे देऊन झाली असेच कोणालाही वाटले असते.

परदेशी पॅकेज घेताना पॅन मागत नसतील तर पैसे देऊ नका. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचे नाव दिसते. माझ्या बिलावरचा क्रमांक २७ नेच सुरू होत होता, पण त्यात चौदाच अक्षरे होती.

मी काहीच खात्री केली नाही, असे कोणी म्हणू नये. मी सिंगापूरच्या त्या हॉटेलला स्वतः ई-मेल पाठवून माझ्या नावाचे आरक्षण आहे का, असे विचारले होते, आणि त्यांचे उत्तर आले होते की आहे. ते खरेच होते. त्या माणसाने नंतर पैसे भरण्याचे आणि विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण माझ्या नावाने केले, माझी खात्री पटेपर्यंत ते राहू दिले आणि मुदत संपण्याआधी रद्द करून टाकले. त्यामुळे हॉटेलला "आरक्षण आहे का" एवढेच विचारू नका. "पैसे जमा झाले आहेत का आणि हे कोण रद्द करू शकते" असे विचारा.

पैसे मी यूपीआयने दिले: आधी १५,०००, मग २८,३६५, आणि निघण्याच्या आठवड्यात "हॉटेलची परत मिळणारी अनामत" म्हणून ८,०००. पडद्यावर प्रवास कंपनीचे नाव न येता एका मोबाइलच्या दुकानाचे नाव आले होते. मी विचारले तेव्हा "कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे ताई" असे उत्तर मिळाले. गाडीच्या व्हाउचरवर टर्मिनल म्हणून हार्बरफ्रंटचे नाव होते आणि माझी बोट तर मरीना बे क्रूझ सेंटरवरून सुटणार होती. त्यावर तो म्हणाला, "एकच आहे ते, नावं दोन आहेत." ती दोन पूर्णपणे वेगळी टर्मिनल्स आहेत, एकमेकांपासून काही किलोमीटर दूर, एक व्हिवोसिटी मॉलच्या शेजारी आहे आणि दुसऱ्याला जवळचे मेट्रो स्थानक मरीना साउथ पिअर हे आहे. त्या व्हाउचरवर विसंबून कोणी ऐनवेळी तिकडे गेले असते तर पैशांबरोबर बोटही गेली असती. क्रूझच्या तिकिटावर लिहिलेले टर्मिनल तेवढे खरे माना, दुसऱ्या कोणाचे ऐकू नका.

विमानतळावर गाडी आली नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षात आरक्षण रद्द झाल्याचे कळले आणि रात्र झालेली असल्यामुळे मी तिथेच २३८ सिंगापूर डॉलर रोज या दराने दोन रात्रींचे ४७६ डॉलर भरले, म्हणजे सुमारे बत्तीस हजार रुपये. तरीही पार्कचे तिकीट तरी खरे असेल, अशी वेडी आशा होती. सकाळी व्हिवोसिटीतून सेंटोसा बेटावर जाणाऱ्या सेंटोसा एक्स्प्रेस या गाडीने गेले आणि फिरत्या पृथ्वीगोलापुढच्या गर्दीतून वाट काढत प्रवेशद्वारापाशी उभी राहिले. तिथल्या मुलीने माझ्या मोबाइलवरचा क्यूआर कोड यंत्रावर धरला, पडद्यावर लाल खूण आली. तिने माझ्या मोबाइलचा उजेड वाढवून पुन्हा धरला, पुन्हा लाल. मग तिने अतिशय सौम्यपणे मला बाजूला उभे राहायला सांगितले. मागे लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांची रांग होती आणि ती सगळी माणसे माझ्याकडे पाहत होती. अक्कलकोटच्या त्या ताईवाल्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटोही गेला होता. पुन्हा तिकीट काढून आत जाण्याइतके डॉलर माझ्याजवळ होते, पण परतीपर्यंत लागणाऱ्या पैशाला हात लावायचा धीर मला झाला नाही. बहिणीला मी पार्क छान होते असे सांगितले. ते खोटे बोलताना मला जी लाज वाटली, ती पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी होती.

सोलापूरला परतल्यावर जे झाले त्याबद्दल मला त्या भामट्याइतकाच राग आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मी तक्रार नोंदवली, तिची पोचही मिळाली. पैसे जाताच तिथे कळवले तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे जाऊन बरेच दिवस उलटले होते, हे मला मान्य आहे. पण माझ्या बँकेच्या शाखेत मला मिळालेले उत्तर असे: "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी होते आणि मी पैसे स्वतः पाठवले होते, हेही मी नाकारत नाही. पण समोरच्या बँकेला, या खात्यात फसवणुकीचे पैसे आले आहेत, असा एक ई-मेल पाठवायला कोणते परिपत्रक आड येते? त्यांनी लेखी उत्तरही दिले नाही. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, म्हणून तक्रार तोंडी करू नका. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पोलीस ठाण्यात "ऑनलाइन केली आहे ना, मग इथं कशाला आलात" असे म्हणून मला सायबर विभागाकडे धाडले. तिथे सांगितले की एवढ्या रकमेचे तुमच्या ठाण्यातच बघतील. परत ठाण्यात गेले तर गुन्हा सिंगापुरात घडला आहे, असे ऐकावे लागले. पैसे माझ्या सोलापूरच्या खात्यातून, मी सोलापुरात बसलेली असताना, भारतातल्याच खात्यात गेले. मग यात सिंगापूर आले कुठून? हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, आणि फोनवरून वा संदेशातून फसवले असेल तर तो संदेश जिथे मिळाला तिथेही खटला चालू शकतो, असे कलम २०२ सांगते. मी ही कलमे वहीत लिहून नेली होती. ती वाचून दाखवू लागले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी मला मध्येच थांबवून विचारले, "या वयात एकटीनं पाळण्यात बसायला परदेशी कशाला जायचं ओ मावशी?"

माझ्या प्रवासाचे कारण विचारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? चार माणसांचे कुटुंब असेच लुबाडले गेले असते, तर त्यांना कोणी हा प्रश्न विचारला असता का? मी माझ्या निवृत्तिवेतनातून, कोणाचेही देणे न बुडवता गेले होते. तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला आधी तिच्या वयाची जाणीव करून दिली, की ती पुन्हा येत नाही आणि नोंदवहीतला एक गुन्हा कमी होतो. मी मात्र पुन्हा जाणार आहे.

कलम १७३ नुसार ठाण्याने खबर नोंदवली नाही तर ती लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे टपालाने पाठवता येते; त्याप्रमाणे बिल, यूपीआयच्या तिन्ही व्यवहारांचे क्रमांक, हॉटेलचा ई-मेल आणि फसव्या तिकिटाची प्रत जोडून माझा अर्ज स्पीड पोस्टाने रवाना झाला आहे. "क्रूझपूर्व एकल प्रवासी पॅकेज" याच नावाचे, चौदा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे आणि पॅनशिवाय टीसीएस लावलेले बिल आणखी कोणाकडे असेल, तर लाजून घरात बसू नये. रक्कम कितीही लहान असो, पोर्टलवर आपली तक्रार नोंदवावी आणि तीत पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो पूर्ण लिहावा, म्हणजे एकाच खात्यावरच्या तक्रारी एकत्र दिसतील आणि "एवढ्या रकमेचे" असे म्हणून कोणाला परत धाडता येणार नाही.